बशीखालची नाणी

माजं माहेर माळशिरसाकडचं, धनगराचं. आमचं गाव म्हणजे पाठीवर, आठ महिने मेंढरांमागं जितं चारा तितं आमी, आन् चार महिने घरात. नाव ठेवलं हौसा. माज्या आधी तीन पोरीच, मग चौथीची कुणाला हौस व्हती ते आईला इचारायचं राहूनच गेलं. आता दात गेले, डोळ्याला धुरकट दिसतंय, जीभ तेवढी शाबूत हाय, आन् तिच्यासाठीच तुमी वही घेऊन आलाय की, माज्यासाठी कोण येतंय.

तर काय सांगू तुमाला ताई, बापानं आमाला एकच शाळा शिकवली. रानात दोन कळप आडवेतिडवे झाले की एखादं कोकरू दुसऱ्याच्या कळपात घुसतंयच. असं परकं कोकरू आपल्यात आलं तर लगेच घेऊन पळायचं न्हाय, आपली मेंढरं सोडून कुटं पळणार? ते आपल्यात ठेवायचं, चारायचं, जपायचं, आन् पुन्हा कधी तो कळप भेटला की जित्तंच्या जित्तं मालकाच्या हातात द्यायचं. मग मालक चार माणसांत म्हणायचा, माणूस लई इमानी. बापाला ते ऐकायला लई आवडायचं. मला बी. तितंच घात झाला.

लग्न होऊन सोलापुरात आले, भवानी पेठेत. नवरा गिरणीत कामाला, स्वभावानं गरीब, बोलायचा कमी, त्याच्या वाटणीचं बी मीच बोलायची. तीन वर्सं झाली न झाली तोवर तापानं गेला. पदरात वर्साची पोरगी, सुंदरा, आन् घरात सासू. शेजारणीनं मला रेल्वेतल्या एका गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर लावून दिलं, त्याची दोन पोरं सांभाळायला. आया म्हणायचे. मी म्हणलं, दोनशे मेंढरं सांभाळलेली बाई मी, गोऱ्याची दोन पोरं ती काय.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला ना, त्याच्या दोनेक वर्सं आधीची गोष्ट. सायबाला लांब सुट्टी मिळाली, विलायतेला जायचं ठरलं, आन् मडमीण म्हणली, आया, तू चल, बोटीवर पोरं मला एकटीला आवरायची न्हाईत, येतानाचं तिकीट बी आमीच काढू. सासू म्हणली, जा. आन् पुढं म्हणली, परत आलीस तर पोरगी तुजी, न्हाय आलीस तर तिला सांगीन तुजी आई मीच. बाई वाईट नव्हती, बोलणं तसलं. मी पेठेत सगळ्यांना सांगितलं, पोरीच्या पोटासाठी निगाले. खोटं न्हाय ते. पण निम्मी मी मिरवायला निगाले. मडमिणीनं तिचे जुने बूट दिलते, दोन बोटं मोठे, त्यात चिंध्या कोंबून मी टेशनाकडं निगाले, ठक ठक ठक, आन् बाया दारात येऊन बघत्यात म्हणून सरळ रस्ता सोडून दोन गल्ल्यांचा वळसा घातला. असली ती हौसा. आता समोर आली तर कान पिळीन. सासूच्या कडेवर सुंदरा माज्याकडं हात करत व्हती, आन् मी आपली बुटाकडं बघत व्हते.

बोटीत पहिले चार दिवस नुसती ओकारी, मिरवणं तितंच उतरलं. मग एक मद्रासकडची म्हातारी आया भेटली, पाच-सहा खेपा केलेली. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, पोरी, मडमिणीला खूश ठेव. बोटीवर त्यांना आपली गरज असती, तितं पोचलं की गरज संपली. मग कायतरी खोट काढत्यात आन् दाराबाहेर. असल्या बायांसाठी लंडनात एक घर हाय, तितं बसून राहायचं, हिंदुस्थानात निगालेली कुणी मडमीण उचलून नेती का म्हणून. वर्स वर्स बसलेल्या बघितल्यात मी. हे ऐकलं. तवापासून डोक्यात एकच, परतीचं तिकीट. तिकीट म्हणजे सुंदरा.

विलायतेत आमी उतरलो ते समुद्राकाठच्या एका गावात. पैसे घेऊन माणसं ठेवणारी एक मालकीण व्हती, तिच्या घरात दोन खोल्या सायबाला, आन् मी वर माळ्यावर, तितल्या कामवालीच्या खोलीत. एल्सी तिचं नाव. सतरा-अठराची पोर, माज्याहून लहान. हात बघितले तर लालभडक, उललेले. सगळ्या घरच्या शेगड्या तिनं पेटवायच्या, कोळसा तिनं वर न्यायचा, गरम पाणी वर, घाण पाणी खाली, दिवसभर जिना. पहिल्यांदा मला बघून घाबरली, मग माज्या नाकातल्या चमकीला हळूच बोट लावून बघितलं आन् हसली. मला तिची भाषा अर्धी यायची, तिला माजी काहीच न्हाय, पण दोन बायांना किती भाषा लागती? बोटं दाखवून सांगितलं तिनं, घरी आई, पाच भावंडं, ही थोरली, हिच्या कमाईकडं सगळ्यांचे डोळे. मी हात गुडघ्याला लावून सांगितलं, एवढी लेक हाय. थंडीनं माजे दात वाजायचे, तर ती चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून माज्या अंथरुणात पायाशी ठेवायची, रोज, न सांगता. ताई, जन्मात माजं कुणी असं केलं नव्हतं. सगळ्यांचं करणारी मी, माजं करणारी ती एकटीच.

आता ऐका शहाणीची करामत. सायेब-मडमीण नाश्ता खोलीतच करायची. ती उठली की एल्सी भांडी न्यायला येईपर्यंत मी पोरांची तोंडं पुसायची, त्यांचे रुमाल गोळा करायची. एक दिवस मडमिणीची बशी सरकवली तर खाली नाणं, चांदीचं, राजाचं मुंडकं असलेलं. मी म्हणलं, विसरली बाई.

तुमी म्हणाल, एवढं बी कळू नये? अवो, बक्षीस काय आमाला ठाऊक नव्हतं? दिवाळीला बंगल्यावर माळी, शिपाई, आमी समदे रांगेत उभे राहायचो, सायेब हातात द्यायचा, आमी सलाम करायचो. बक्षीस म्हणजे हातात, तोंडापुढं, चार माणसांत. आन् हितं उष्ट्या बशीखाली, पावाचा चुरा चिकटलेला. आमच्यात उष्ट्या हातानं पैशाला शिवत न्हाईत, लक्ष्मी असती ती. जाणूनबुजून उष्ट्यात पैसा कोण ठेवंल? मी ते नाणं धुतलं, कपाळाला लावलं आन् कनवटीला खोचलं. दोन दिवसांनी पुन्हा नाणं. पुन्हा धुतलं, पुन्हा कपाळाला. मनात म्हणायची, शिकलेली बाई, पण डोक्यानं अगदीच अधू.

मग लगेच का दिलं न्हाय? कारण मी बापाची लेक. सगळी एकदम, जित्तीच्या जित्ती, निगायच्या दिवशी मडमिणीच्या हातात ठेवायची, म्हणजे ती सायबाला म्हणंल, आया लई इमानी, आन् तिकिटाची काळजी मिटली. कनवटीला हात लावून बघायची आन् फुगायची. बेडकी नुसती.

इकडं एल्सीचं तोंड उतरत चाललं. भांडी न्यायला आली की आधी मडमिणीची बशी उचलून खाली बघायची. मी बघितलंय की तिला, माज्या डोळ्यांनी, दोन-तीनदा. मला वाटलं, भांडी उचलायची तिची तऱ्हाच तसली. मग मडमिणीची घंटा वाजली तरी एल्सी दमानं यायला लागली, पाणी कोमट आणायला लागली. आन् एक दिवस माज्या पायाशी वीट न्हाय. दुसऱ्या दिवशी बी न्हाय. मी म्हणलं, शेवटी गोरी ती गोरीच, चार दिवसांची माया. व्हय, असं म्हणलं मी, तिचीच नाणी कमरेला लावून.

आमचं निगायला आठ दिवस उरले व्हते. सकाळी माळ्यावर बघते तर एल्सी पेटी भरतीय. रडत नव्हती. माज्याकडं बघितलं बी न्हाय. मी खाली येऊन मडमिणीला इचारलं, एल्सी कुटं चालली? मडमीण आरशापुढं टोपी घालत व्हती, आरशातच बघत म्हणली, मीच मालकिणीला सांगितलं, ही पोरगी आळशी झाली, तोंड सदा वाकडं. मी तिच्यासाठी दोन-दोन दिवसांनी बशीखाली पैसे ठेवते, तर एकदा हसून उपकार मानावेत, ते बी न्हाय. असल्यांना किती बी द्या.

ताई, कमरेला इंचू बांधल्यागत झालं मला.

खिडकीतनं बघितलं तर एल्सी रस्त्याच्या कडंला पेटीवर बसलेली, गाडीची वाट बघत. तिनंच मला एकदा सांगितलं व्हतं, मालकिणीनं चांगली चिठ्ठी लिहून दिली न्हाय तर तिकडं दुसऱ्या घरात उभं करत न्हाईत. गाडीला वेळ व्हता. लई वेळ व्हता, ताई. जिना उतरून, सगळं सांगून, तिला हाताला धरून परत वर आणण्याइतका वेळ व्हता. मी तोंड उघडलं. पण कनवटीतनं पैसे काढले की पहिला शब्द चोर. चोर म्हणलं की तिकीट गेलं. तिकीट गेलं की मी त्या म्हातारीनं सांगितलेल्या घरात, आन् सुंदरा सासूला आई म्हणणार. मी पोराच्या बुटाची नाडी बांधायला बसले. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पोरगं म्हणतंय, आया, झाली की. खाली गाडी आली, थांबली, गेली. मी खिडकीशी पुन्हा गेलेच न्हाय, तिनं वर बघितलं का कुणास ठाऊक.

मग बोट सुटली. किनारा दिसेनासा झाला, आता मला कुटं उतरवता येत न्हाय याची खात्री झाली, तवा इमानी बाईला तोंड फुटलं. सगळी नाणी रुमालात बांधून मडमिणीच्या मांडीवर ठेवली आन् सगळं सांगितलं. वाटलं, चिडंल, मारंल, पण मालकिणीला पत्र तरी लिवंल. मडमीण बघत राहिली, आन् मग हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. सायबाला बोलावलं, तो हसला. मग त्यांच्या सोबत्यांपुढं मला उभं केलं, आया, सांग गं, कपाळाला कसं लावलंस दाखव. मी दाखवलं. एकदा न्हाय, तीनदा बोलावलं, आन् तिसऱ्या खेपेला तर मी मडमिणीच्या विसरभोळेपणाची नक्कल बी केली, न सांगता. लई हसले. मी मधेच म्हणलं, मेमसाब, एल्सीसाठी चिठ्ठी? मडमीण म्हणली, आता कुटं गं, तिला एव्हाना दुसरीकडं मिळालं बी असंल. नाणी तिच्या बटव्यात गेली. एक मला दिलं, इमानदारीचं. मी घेतलं, सलाम केला. बाकीची मडमिणीनं मुंबई जवळ आल्यावर बोटीवरच्या बटलरांना वाटली, एकेकाच्या हातात, हसून.

घरी आले तर सासू म्हणली, आलीस? बरं झालं, पोरगी लई खाती. सुंदरा दोन दिवस माज्याकडं आली न्हाय, तिसऱ्या दिवशी आपणहून मांडीवर येऊन बसली. मडमिणीनं चिठ्ठी लिहून दिलती, ही आया फार इमानी, म्हणून. त्या चिठ्ठीवर मी पुढं तीन बंगले केले. सुंदराचं लग्न केलं, बाळंतपणं केली.

आन् ती गोष्ट? ती मी पन्नास वर्सं सांगत आले. लग्नात, बारशात, पेठेत कुटं बी चार बाया बसल्या की हौसामावशी, ते विलायतेचं सांग. मी सांगते, बूट, ठक ठक, नाणं धुतलं, कपाळाला लावलं, मडमीण हसली. बाया लोळत्यात हसून. एल्सीला मी त्यातनं काढून टाकलं. आधी वीट काढली, मग पेटी काढली, मग तिचं नाव काढलं, तवा कुटं गोष्ट हसण्याजोगी झाली. आज तुमाला बी आधी तशीच सांगितली, तर तुमी हसता हसता इचारलंत, मग ज्याच्यासाठी पैसे ठेवले व्हते त्याचं काय झालं. इतक्या वर्सांत कुणी इचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं.

आत भाकरी थापतीय ती सुंदरा. तिनं बी हे आजच ऐकलं. बघा, थापायचा आवाज थांबलाय. काय गं, तव्याकडं बघ, इकडं काय बघतीस? तुजा काय दोष न्हाय त्यात, तू दीड वर्साची व्हतीस. आन् खरं सांगते ताई, तुमी असंच लिवा, पुन्हा ती सकाळ आली तरी मी गप्पच बसंन. लेक पदरात पडली, आता तिच्या हातची भाकरी खातीय, कुण्या तोंडानं म्हणू चुकलं म्हणून?

एल्सीला आशीर्वाद द्यायचा माजा काय अधिकार? जगली असंल तर म्हातारी झाली असंल माज्यासारखी. तिनं मला शिव्या द्याव्यात, तो तिचा हक्क हाय. पण तिला कुटं ठाऊक? ती शिव्या मडमिणीलाच देत असंल आजून, चिक्कट बाई म्हणून. आन् माळ्यावरची ती थंडीनं कुडकुडणारी काळी बाई आठवली, तर म्हणत असंल, ती तेवढी बिचारी चांगली व्हती.