शंभरचा दिवा

दिव्याचं विचारता म्हणून सांगतो. मागल्या साली बिबट्यानं आमची शेळी उचलली, तेव्हा गोठ्यासमोर शंभर वॅटचाच दिवा लावायचा, हे मी ठरवलं.

सिंदेवाहीचा दुकानदार म्हणाला, "भाऊ, वॅट म्हणजे दिवा वीज किती खाते ते. उजेड लुमेनमधी मोजतेत. हा नऊ वॅटचा एलईडी तुमच्या जुन्या साठच्या बल्बाएवढा उजेड देते."

"नऊच्या दिव्याले बिबट्या भ्याते का? एलईडीच दे, पन शंभरचा."

दिवेलागणीला बटण दाबलं आणि अंगणात दुपार झाली. बसलेल्या शेळ्या उठल्या आणि चरायला सोडा म्हणून दाराशी ओरडू लागल्या.

बायको म्हणाली, "अवो, बदलून आना नं तो!"

"आनला तो आनला. तुझं जुनं लुगडं दे."

लुगडं दिव्यापुढं टांगलं. कापडाच्या एका घडीनं उजेड काही कमी झाला नाही. दुसरी घातली, तिसरी घातली, तेव्हा शेळ्या खाली बसल्या.

"शंभरचा आनला आन् नऊचा करून टाकला!" बायको म्हणाली.

बिबट्या पुन्हा फिरकला नाही. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगतो, दिवा शंभरचाच घे. फक्त घरी लुगडं आहे का, ते आधी पाहा.