कुंपण दाखवणारी दुर्बीण

नाव: अलेटा सुसाना फिसागी, वय ५६ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, राहणार ड्रूएपुट्स फार्म, ग्रेट कारू, दक्षिण आफ्रिका.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, बायबलवर हात ठेवून जबाब देते की, वरील फार्मवर मी, माझे पती व मुलगी मार्टली, वय २७, असे राहतो. आमच्याकडे मेंढ्या आहेत. हिवाळ्यात स्प्रिंगबॉक हरणांच्या शिकारीला पाहुणे येतात. पतींचा उजवा हात ट्रॅक्टरखाली सापडल्यापासून चालत नाही, म्हणून पाहुण्यांना मार्टली नेते. कोल्ह्यांपासून कोकरेही तीच राखते. घरात रायफलीचा परवाना तिच्या एकटीच्या नावावर आहे.

रायफलीवरच्या दुर्बिणीबद्दल विचारल्यावरून सांगते की, ती मार्टलीने दोन वर्षांपूर्वी गावातल्या दुकानातून घेतली. घरचा हिशेब मी ठेवते. रायफलीपेक्षा तिच्यावरची काच महाग, हे मला रुचले नव्हते, म्हणून मी सोबत गेले होते. दुकानदाराने पंचवीस पट मोठे दाखवणारी पुढे केली व लांबच्या शिकारीला सगळे हीच नेतात असे सांगितले. मार्टली एकेक दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली आणि दिवस मावळेपर्यंत चर्चच्या कुंपणाकडे बघत राहिली. दुकानदार म्हणाला, "पोरी, नवरा शोधायला एवढा वेळ लावला असतास तर एव्हाना लग्न झालं असतं."

ती त्या काकांना म्हणाली, "नवरा चुकला तर मीच भोगेन, ऊम. ही चुकली तर मुकं जनावर भोगतं."

तिने कमी पटीची घेतली. जास्त पटीत उन्हाने तापलेली हवा पाण्यासारखी हलते आणि जनावराच्या आजूबाजूचे काही दिसत नाही, असे तिचे म्हणणे. नेम धरायच्या आतल्या रेघा पट बदलला तरी खऱ्या राहतात ना, हे तिने दोनदा विचारून घेतले. घरी येताना मला म्हणाली, "मा, हरीण आणि कुंपण एकाच काचेत दिसायला हवं."

गेल्या शनिवारी प्रिटोरियाचे पाहुणे रूडॉल्फ प्रिन्सलू यांना घेऊन ती टेकडीवरच्या सपाट खडकावर बसली होती. सकाळी अकराच्या सुमारास मी कॉफी व रस्क घेऊन तेथे गेले. त्यांच्या रायफलीवर मोठ्या पटीची नवी दुर्बीण होती. ते मला मावशी मानून म्हणाले, "टानी, हिच्यातून हरणाच्या पापण्या मोजता येतात." मार्टली म्हणाली, "पापण्या खाणार आहात का, ऊम?" तेही हसले.

आमचे व शेजारी लुकास नेल यांचे कुंपण तेथून सुमारे चारशे मीटरवर आहे. हरणांचा कळप आमच्या बाजूला चरत होता. तो बिथरला आणि तारांखालून पलीकडे गेला. प्रिन्सलू एकाच नरावर नेम धरून होते. मार्टलीने विचारले, "ऊम, कुंपण दिसतंय का?" ते म्हणाले, "मला हरीण दिसतंय. तेवढं पुरे." मार्टली म्हणाली, "मग घोड्यावरचं बोट बाहेर काढा." त्यांनी गोळी झाडली. ही पहिली गोळी. मार्टलीने गोळी झाडायला सांगितले, असे त्यांनी ठाण्यात लिहून दिले आहे, ते खरे नाही.

हरीण पोटात गोळी लागून पडले व पुढच्या दोन पायांवर अंग ओढू लागले. मार्टलीच्या सांगण्यावरून मी नेल यांना दोनदा फोन लावला, तो लागला नाही. मार्टलीने आपली रायफल रिकामी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मा, तूही बघ. मला एकटीला दिसतंय असं नको." मी पाहिले. कुंपणाचे दोन खांब, त्यातल्या एकावर मी स्वतः बांधलेली लाल तार, आणि हरीण. हरीण तारेच्या पलीकडे होते.

मी रायफल परत दिली. तिने गोळी भरली, श्वास सोडला आणि झाडली. हरीण पुन्हा हलले नाही. ही दुसरी गोळी. नेल यांच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय ती माझ्या मुलीने झाडली. मग ती कुंपण न ओलांडता नेल यांच्या फाटकाशी जाऊन बसली आणि ते आल्यावर तिनेच त्यांना सगळे सांगितले.

जबाब लिहून घेणाऱ्या सार्जंट बूइसेन बाईंनी, दुसऱ्या गोळीच्या वेळी हरीण कोठे होते हे चारशे मीटरवरून नक्की सांगता येईल काय, असे दोन वेळा विचारले. त्यांचा भाव मला समजला. परवाना गेला तर आमच्या घरात रायफल राहणार नाही, हेही मला समजते. दुसरी कोणतीही काच असती तर मला दिसले नाही असे खरेपणाने म्हणता आले असते. मार्टलीने निवडलेल्या काचेतून मला स्पष्ट दिसले.

रायफल ठाण्यात जमा आहे. दुर्बीण तिच्यावरून उतरवू नये, ती मार्टलीने बसवली आहे व काढली तर नेम हलतो. ज्यांना निर्णय द्यायचा आहे त्यांनी एकदा त्या खडकावर येऊन तिच्यातून पाहावे, एवढी विनंती आहे.

वरील मजकूर सार्जंट बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. दुसऱ्या गोळीपाशी त्या थांबल्या. मी पुढे वाचा म्हणाले. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे व एकही शब्द काढायचा नाही, म्हणून खाली सही केली.

अ. सु. फिसागी