एका हाताची पिशवी

मंडळी, वहिनी, प्रभाकरच्या शोकसभेला त्याच्या अंगणात तुम्ही एवढे सगळे आलात. मला बोलायला सांगितलं, पण मला भाषण करता येत नाही. सांभाळून घ्या.

मी नामदेव. कळंबचा कास्तकार. प्रभाकर कचेरीतला बाबू, मी शेतातला माणूस. आमची दोस्ती जमली ती नाल्यावर. गळ घेऊन पाण्यातून चालायचं, डोह दिसला की थांबायचं, मग पुढं. मी सामान हातात घेऊन चालायचो आणि पडायचो. तो म्हणायचा, "नाम्या, सामान अंगावर पाहिजे. हात मोकळे पाहिजेत."

तीन वर्षांपूर्वी मला लकवा मारला. डावा हात गेला. मी खाटेवर पडून भिंतीकडं तोंड केलं. कोणी आलं तरी बोलत नव्हतो. महिनेच्या महिने.

एका सकाळी प्रभाकर आला. "चाल, नाल्यावर जाऊ."

मी चिडलो. "मले एका हातानं शर्टाची गुंडी लावता येत नाही. मासे कायले धरू?"

"मासे धराले कोन सांगून राह्यलं बे? तू फक्त चाल."

आणि त्यानं माझ्या गळ्यात एक पिशवी अडकवली. जुन्या पँटच्या कापडाची, छातीवर बसणारी. तिच्यावर चपलेच्या रबराचा तुकडा शिवलेला. गळ त्यात रुतवायचा, टोक वर ठेवायचं, म्हणजे एका हातानं गांडूळ लावता येतं. काठी उभी करायला कमरेला पाइपचा तुकडा. मासळीची जाळी उजव्या बाजूला. सगळं माझ्या एका हाताच्या टप्प्यात.

त्या दिवशी मला एकही मासा लागला नाही. पण मंडळी, मी चाललो. गुडघाभर पाण्यात, स्वतःच्या पायांनी. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

मला वाटायचं, त्याला सुचलं आणि त्यानं शिंप्याकडून शिवून घेतलं. खरं काय ते परवा वहिनींनी सांगितलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाले सांगायचं नाही म्हणून त्यांनी शपथ घातली होती. पंधरा दिवस ते आपला डावा हात पोटाशी बांधून नाल्यात फिरले. पहिली पिशवी कमरेला होती. वाकले आन् तोंडावर आपटले. मग छातीवर घेतली. चार पिशव्या उसवल्या."

साठीतला माणूस. धडधाकट हात बांधून पाण्यात पडत होता. कोणासाठी? मी तर त्याच्याशी धड बोलतही नव्हतो.

मंडळी, मला रडायचं नाही. सांगायचं वेगळंच आहे. दवाखान्यात व्यायामाला एक बाई येतात, कौसल्याबाई. त्यांचा उजवा हात गेलाय. त्यांना शेतावरच्या नाल्यात झिंगे धरायची भारी आवड. काल शिंप्याकडं त्यांची पिशवी टाकली. कप्पे सगळे उलट्या बाजूला. आता अडचण अशी, की उजवा हात बांधून ती तपासायची कोणी? मी बांधला तर माझ्याकडं उरतंच काय?

काल संध्याकाळी हे वहिनींना सांगितलं, तर त्या पाणी प्यायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मी बांधते. येत्या रविवारी जाऊ नाल्यावर."

प्रभाकरच्या माघारी त्या पहिल्यांदा घराबाहेर पडणार आहेत. कोणाला सोबत यायचं असेल, तर या.

आता क्षणभर शांत राहू या. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी बसूनच.

प्रभाकर, हा माझा एका हाताचा नमस्कार घे गड्या.