शाल देतो, नारळ राहू द्या

आपल्या मंडळाच्या माननीय अध्यक्षा हेमाताई, व्यासपीठावरील पाहुणे आणि पार्किंग शोधत शोधत अल मजाजच्या या हॉलपर्यंत पोचलेल्या बंधू-भगिनींनो,

आधी माफी मागतो. चार शब्द लिहून आणा, असं कार्यक्रम ठरवणाऱ्या संजयने महिन्यापूर्वी सांगितलं होतं. मी आज दुपारी लिहायला बसलो. सातवी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही.

माझी नात मनाली उद्या सोमालियाला निघते आहे. परदेशी मदतीतून तिथल्या खेड्यांत बोअर मारायचे आहेत, देखरेख हिची. अभिमान कोणाला नाही? पण आठ दिवस मी हिला रोज विचारतोय, तिथे राखणीला कोण? ही म्हणते, "आजोबा, सिक्युरिटी आहे ना." आहे. आमच्याकडेही होती.

अफगाणिस्तानात मी अशाच कामावर बोअरचा मिस्त्री होतो. मदतीतूनच मशीन, मदतीतूनच बंदूकवाले. वली नावाचा शिपाई माझ्या राखणीला असे. काम सुरू करण्याआधी नारळ ठेवायचा, ही आपली रीत. पहिल्या गावात आदल्या संध्याकाळी मी दुबईहून नेलेला नारळ लाल फडक्यात बांधून बोअरसाठी खणलेल्या खड्ड्यात ठेवला. सकाळी गावात पळापळ. बॉम्ब आहे म्हणून. वलीने मला मागे ढकललं, पोटावर सरकत गेला, फडकं सोडलं आणि हसत सुटला. "चाचा, आपका बम तो मीठा है," म्हणत त्याने खोबरं गावात वाटलं.

खलास, संपवतोच, मनाली, दोनच मिनिटं. घड्याळ दाखवू नकोस.

पुढच्या गावात मी नारळ ठेवलाच नव्हता. तरी सकाळी खड्ड्यात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मी गाडीत चहा पीत होतो. वलीने लांबून मला हात केला, हसला आणि सरळ उचलायला वाकला.

पुढचं सांगत नाही. समारंभ आहे.

ते काम नंतर दुसऱ्यांनी पुरं केलं. पाणी लागलं म्हणतात. तेव्हा मदत वाईट, असं मी कसं म्हणू? पण हे मी आजवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मनाली, तुझ्या आजीलाही नाही.

हेमाताई, मनालीला शाल-श्रीफळ माझ्या हातून द्यायचं तुम्ही ठरवलंत, उपकार आहेत. शाल देतो. नारळ मात्र मी घरी नेतो, रागावू नका. पोरी, तिथे जमिनीवर ओळखीचं काही दिसलं, तर ते ओळखीचं नाही असं समज. आणि तुझ्या राखणदाराला कशाची सवय लावू नकोस.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी भलतं बोललो, म्हाताऱ्याची चूक पदरात घ्या.

मनाली, पोचलीस की लगेच कळव. मेसेज नको. फोन कर, आवाज ऐकू दे.