मी चार सांगितले, सुई अडीचवर होती

अध्यक्ष दिनकरराव, मंचावरचे मोठे पाहुणे, आपल्या मंडळाच्या ताई-दादांनो, सगळ्यांना जयभीम आणि नमस्कार. मी भीमाबाई, चौथी नापास. बसूनच बोलते, गुडघे ऐकत नाहीत. भाषण लिहून देते म्हणाली स्वप्ना. म्हटलं, तुझ्या निरोपाचं भाषण तूच लिहिणार का गं?

माझी नात उद्या कोइमतूरला निघाली, रेसच्या गाड्यांची मिस्त्री म्हणून. आनंद एवढा झालाय, की त्यानंही दमायला होतं.

समोर बसलेत ते कौशिकजी. त्यांच्या गाडीला जास्त जोरासाठी टर्बो बसवलेला, पण जोरात दाबली की धक्के खायची. इथल्या सीतापुऱ्यातल्या गॅरेजांत तीन मिस्त्र्यांनी पेट्रोलच्या दाबाचा स्क्रू कसून पाहिला. कौशिकजी पोरीलाही म्हणाले, "थोडा और कस दो ना! रविवारी गाडी नीट धावली, तर कोइमतूरच्या टीमला तुझं नाव सांगतो."

ती म्हणाली, "उभ्या गाडीत दाब बरोबरच दिसतो. धावताना बघायला हवा." दाबाचं मीटर काचेबाहेर चिकटवलं. शेजारी बसायला कोण? तिचा बाप, माझा उत्तम, रेल्वेत ड्युटीवर. मग मीच. "आजी, आकडा मोठ्यानं वाच. जोर लावला की सुई तीनवरून चारला चढली पाहिजे."

कुठली चढते! तीन, पावणेतीन, अडीच. तिनं फिल्टर बदलला, तरी अडीच. तीन दिवस हेच. पोरगी धड जेवेना, डोळे खोल गेलेले. आणि मी काय केलं माहितीये? तिसऱ्या दिवशी अडीचला चार म्हणाले. वाटलं, घरी येईल, दोन घास खाऊन झोपेल.

ती हसली. "आता पूर्ण दाबते," म्हणाली. तेव्हा मला आठवलं, पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो, हे तिनंच सांगितलेलं.

"थांब! अडीच आहे गं, खोटं बोलले."

तिनं गाडी कडेला घेतली. "का आजी?"

"दमलीस म्हणून."

"मी दमले तर चालेल. तूच खोटं सांगितलंस, तर मी विचारू कुणाला?"

कौशिकजी, हे तुम्हाला आज कळतंय. घाबरू नका, इंजिन शाबूत आहे.

मग तिनं पंपाच्या तारेला विजेचं मीटर लावलं. मी वाचलं: तेरा व्होल्ट, साडेअकरा, दहा. पंप बसवलाय मोठा, आणि वीज जुन्याच बारीक तारेतून! जोर लागला की पंपालाच वीज पुरेना. तिनं जाड तार ओढली. सगळ्यांनी कसलेला स्क्रू सैल केला, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची हवेची नळी काढून दाब तीनवर लावला, नळी परत जोडली. मग सुई चढली. चार! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रविवारी गाडी धावली, आणि कौशिकजींनी शब्द पाळला.

स्वप्ना, तिथून फोन करशील, "आजी, बरी आहेस ना?" मी "बरी आहे" म्हणणार होते. पण तुला खरंच सांगायला हवं. दमलेय. तू गेल्यावर घर खायला उठणार. तरी तू जा.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात काही चुकलं असेल तर म्हातारीला माफ करा. कौशिकजी, त्या चारबद्दल तुम्ही वेगळी माफी द्या.