वकील भाडेकरू

रुग्णालयातल्या औषधांच्या रांगेत मी पुस्तक उघडून उभा होतो. पुढे दोघी बहिणी बोलत होत्या. पुस्तक मिटलं तर त्या गप्प होतील असं वाटून मी ते मिटलं नाही.

“भावोजींना आज घरी सोडतायत आणि जिना चढायला तर बंदी. खालच्या खोलीचं काय केलंस, ताई?”

“भाडेकरणीला खोली सोड म्हणायला महिनाभर तोंडच उघडेना माझं. एवढ्या नावाजलेल्या लॉ कॉलेजातली मुलगी!”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, वकिलाला भाडेकरू ठेवू नकोस. खोली जन्मात सुटायची नाही.”

“काल धीर केला. म्हटलं, बाई गं, काकांसाठी खोली हवीय. तर माझ्यावरच चिडली.”

“बघ! कलमं ऐकवली असतील.”

“कसली कलमं! म्हणाली, ‘काकू, इतके दिवस गप्प का बसलात? मी वरच्या खोलीत जाते की!’”

“इतकंच?”

“मला रडूच आलं. म्हणाली, वकिली शिकते म्हटल्यावर चार घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.”

“आणि भावोजींचा तो जडच्या जड पलंग?”

“कॉलेजातल्या दोन मैत्रिणी बोलावल्या तिने. पलंग अडकला जिन्यात आणि तिघींची जुंपली. उजवीकडून वळवायचा की डावीकडून, तासभर वाद!”

“मग जिंकलं कोण?”

“कुणास ठाऊक. पलंग खाली आलाय, चादरसुद्धा घालून ठेवलीय. चल, ह्यांना घरी नेऊ.”