देवामागची डबी

घ्या त्याचं नाव! ...हे काय? ओठातल्या ओठात? अहो, तोंड उघडा की! ज्यानं तोंड दिलं त्याच्या नावालासुद्धा ते उघडायचं नाही, मग उघडायचं कधी— भांडताना? हां! आता कसं! आता देवळाला कळलं कीर्तन आहे म्हणून!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. माणसानं कोणापुढं काही लपवू नये? सांगा! ...ते आजोबा म्हणतात, देवापुढं. शाबास! पण आजोबा, देवापुढं लपणारच काय? त्याला न सांगता कळतं. मी विचारतो, ज्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला कळल्याशिवाय आपला जीव वाचत नाही, त्याच्यापुढं का लपवता? असू द्या. गोष्टच सांगतो.

घोगरवाडी नावाचं गाव. तिथं हौसाक्का नावाची बाई. गावात बारसं कुणाचंही असो, पाळणा म्हणायचा तो हौसाक्कानं! आवाज असा, की रडणारं पोर गप्प व्हायचं आणि बाहेर पान जमवत बसलेले पुरुष उठून दारात यायचे. नवरा लवकर गेला, लेक एकच, वैजयंता. हौसाक्काच्या मनात एकच होतं: गावाच्या पोरांना पाळणे म्हटले, आता माझ्या वैजूच्या बाळाला म्हणायचा. तेवढा म्हटला की मी मोकळी!

वैजूला स्थळ आलं. मुलगा निरंजन, दातांचा डॉक्टर, तालुक्याला स्वतःचा दवाखाना! बैठक बसली. मुलाची आई मथुराबाई— मोठी करारी बाई!— चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, "आमच्यात तंबाखूचा वास चालत नाही हं. मुलगाच दातांचा डॉक्टर! तुमच्याकडं मिश्री वगैरे लावतं का कुणी?"

"छे हो!" हौसाक्का म्हणाली, "आमच्या घरात ती शिरलीच नाही कधी!"

आणि मंडळी, हे बोलताना पदराआड, खालच्या ओठात, मिश्रीची चिमूट होती! होती की नव्हती? होती!

शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. नाव दात घासायचं, काम नशेचं! बोटानं हिरडीला लावायची आणि बसायचं अर्धा तास तंद्रीत. ...त्या खांबापाशी बसलेल्या बायका का हसायला लागल्या? मी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही!

लग्न झालं. पण खोटं एकदा बोललं की त्याला रोज सांभाळावं लागतं. लेक माहेरी आली की कुठंही हात घालणार. फडताळात, डब्यात, उशीखाली. मग डबी ठेवायची कुठं? हौसाक्कानं जागा शोधली— देव्हारा! बाळकृष्णाच्या मागं, कापराच्या डबीला चिकटून मिश्रीची डबी! अहो, लोणी चोरणाऱ्यालाच चोरीच्या मालावर राखणीला बसवलं! देव काय बोलणार? बसला बिचारा रांगत, हातात लोण्याचा गोळा, पाठीमागं तंबाखू!

वर्षं गेली. हौसाक्काच्या खालच्या ओठाच्या आत, डबीतली चिमूट जिथं बसायची तिथंच, एक पांढरा चट्टा आला. खरखरीत. जीभ सारखी तिथंच जायची. तिखट सोसेना, आमटी झोंबायला लागली. दसऱ्याला जावई जेवायला आले, तर सासू भाकरी दुधात कुस्करून खातेय!

"मामी, ठेचा बाजूला सारला? तुम्ही?" निरंजन म्हणाला, "उद्या दवाखान्यात यायचं. मी तोंड बघणार."

आली का पंचाईत! ज्या जावयापुढं डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्यापुढं आऽ करायचं! गेली. खुर्ची मागं झाली, वर दिवा लागला, आणि हौसाक्का पदराचं टोक दातांत धरून बसली! "मामी, पदर काढा." काढला. "तोंड उघडा." उघडलं, जपमाळेची पिशवी उघडतात तेवढं. निरंजननं चट्टा पाहिला. हातातला आरसा बाजूला ठेवून शांतपणे विचारलं, "मामी, तंबाखू? मिश्री? खरं सांगा, मी रागावणार नाही."

मंडळी, हा क्षण बघा! एका बाजूला जीव, दुसऱ्या बाजूला बैठकीत बोललेलं ते वाक्य. हौसाक्काच्या डोळ्यांपुढं मथुराबाईंची चहाची बशी आली.

"नाही बापू," हौसाक्का म्हणाली, "मी नाही त्यातली."

जावयानं विश्वास ठेवला! सासूला खोटारडी म्हणायचं कसं? तोंडात एक दात कडेला धारदार होता. तो घासत असेल म्हणून निरंजननं गुळगुळीत करून दिला. "पण मामी, पंधरवड्यात चट्टा गेला नाही तर पुन्हा यायचं. टाळायचं नाही." "व्हय व्हय," म्हणाली आणि घरी येऊन आधी काय केलं? देवाच्या मागं हात घातला!

आता सांगा, डॉक्टर चुकला का? अहो, विहिरीचा पत्ता विचारणाऱ्याला तुम्ही उकिरड्याकडं पाठवलं, तर तो पाणी कुठून आणणार?

चट्टा गेला नाही. हौसाक्काही गेली नाही. निरोप धाडला, "बरं आहे." बरं कुठलं! रात्री जीभ चट्ट्यावर फिरायची आणि मनात यायचं, हे वाढत गेलं तर? पाळणा म्हणायच्या आधीच तोंड मिटलं तर?

आणि वैजू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोट पुढं आलेलं, चेहरा उतरलेला. एके सकाळी हौसाक्का चुलीपाशी, आणि वैजू हळूच येऊन खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "आई, तुझी डबी कुठंय?"

"कसली डबी?"

"देवामागची. तू लावतेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे गं, जागा तेवढी आता बदललीस. हिरड्या सुजल्यात, घासताना रक्त येतं. शेजारची म्हणते मिश्रीनं ठणका थांबतो. थोडीशी दे."

"अगं, नवरा दातांचा डॉक्टर आणि मला काय विचारतीस! त्यांना दाखव की!"

"कसं दाखवू? सगळे हसतील— डॉक्टरच्या बायकोच्या हिरड्यातनं रक्त! दे ना. आणि आई, कुणाला सांगू नकोस."

कुणाला सांगू नकोस! मंडळी, हौसाक्काच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. हे शब्द कुणाचे? तिचेच! हे लपवणं कुणाचं? तिचंच! स्वतःच्या ओठात ठेवलेली चिमूट आता लेकीच्या तोंडात जाणार, आणि तिच्या पोटातल्या जिवापर्यंत पोचणार. ज्या बाळासाठी पाळणा राखून ठेवला, त्याच्याच वाट्याला आपली डबी? हौसाक्का रडली. चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं सोंगसुद्धा केलं नाही.

मग उठली! देव्हाऱ्यापुढं हात जोडले, बाळकृष्णाला म्हणाली, "लई राखलंस बाबा, आता सुट्टी घे." डबी कमरेला खोचली, लेकीचा हात धरला आणि पहिल्या एसटीनं तालुका गाठला.

निरंजन दवाखान्याचं दार उघडत होता. हौसाक्कानं डबी त्याच्या टेबलावर ठेवली. टक्‌! पदर तोंडावरून काढून खांद्याला खोचला आणि म्हणाली, "बापू, मी खोटं बोलले. बैठकीत बोलले, ह्या खुर्चीत बोलले. माझ्या लग्नाआधीपासून लावते. दिवसातनं किती वेळा विचाराल तर मोजलं नाही, पण दोन्ही वेळच्या जेवणापेक्षा जास्त. आणि तुमच्या बायकोच्या हिरड्यातनं रक्त येतंय, ती लाजतेय. आता विचारा काय विचारायचं ते."

निरंजननं काय केलं असेल? रागावला? नाही. खुर्ची ओढून सासूच्या समोर बसला. कधीपासून, कुठं ठेवता, झोंबतं का, गिळताना दुखतं का, सगळं विचारलं, आणि हौसाक्कानं सगळं सांगितलं. मग आऽ केलं. असं केलं की दिवा घशापर्यंत गेला!

"मामी," निरंजन म्हणाला, "मी दाताला दोष देत बसलो. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. काय निघेल ते आज सांगता येत नाही. पण आता मला कुठं बघायचं ते ठाऊक आहे." आणि वैजूकडं वळून, "दिवस गेल्यावर कितीतरी जणींच्या हिरड्या सुजतात गं वेडे! ये, बस. साफ करून देतो. पण मला नाही सांगायचं, तर कुणाला?"

तपासणीचा निकाल आला. बिघाड सुरू झाला होता, मंडळी, पण मुळं धरली नव्हती. मोठ्या दवाखान्यात चट्टा काढला. डबी उकिरड्यावर गेली. मिश्री सुटताना हौसाक्का चिडचिडली, भांडली, बडीशेप चावून चावून घर डोक्यावर घेतलं, पण सोडली! ठरल्या दिवशी तपासून घ्यायला अजून जाते, न बोलावता!

आणि बारसं झालं. नात! पहिल्या ओळीला आवाज थरथरला, टाके घातलेला ओठ अजून ओढत होता. दुसऱ्या ओळीला बाहेरचे पुरुष उठून दारात आले.

पाळणा संपला तशी मथुराबाईंनी हौसाक्काला कोपऱ्यात घेतलं. तीच ती, करारी विहीण! इकडं तिकडं बघितलं आणि कनवटीची चांदीची डबी काढून दाखवली. "विहीणबाई, मलाही आत काहीतरी झोंबतंय हो. निरंजनला तुम्हीच हळूच सांगा ना."

हौसाक्का काय म्हणाली? ऐका! म्हणाली, "मी काय सांगू? तोंड तुमचं, लेक तुमचा. चला, मी हात धरते. बोलायचं तुम्ही."

...हे काय? बायकांच्या बाजूला एवढे पदर तोंडावर का गेले? आणि पुरुष मंडळी, तुम्ही हसू नका! तुमच्या खिशातल्या पुड्यांची चुरचुर कीर्तनाच्या पहिल्या शब्दापासून ऐकतोय मी! प्रत्येकाच्या देवामागं एक डबी आहे. देवाला ती दिसते, पण देव काही तुमचं तोंड तपासायला येत नाही. त्यासाठी त्यानं खुर्ची आणि दिवा घेऊन माणूस बसवलाय. त्याच्यापुढं जा, आणि विचारायच्या आधी सांगा.

चला, उभे राहा, आरती घेऊ. सगळ्यांनी म्हणायची, आणि पदर, रुमाल, हात, सगळं बाजूला करून म्हणायची. मी पुढं उभा आहे. कुणाचं तोंड किती उघडतंय, ते मला बघू द्या.